विश्लेषण : लहान चाकांची सायकल सारखी पंक्चर का होते? खान्देशातील काटेरी रस्त्यांसाठी टायर कसा निवडावा, कसा बसवावा?

२० इंची चाकांची सायकल म्हणजे लहान मुलांची सायकल, ही समजूत आता जुनी झाली आहे. घडी करून जिन्याखाली किंवा गाडीच्या डिकीत ठेवता येणारी फोल्डिंग सायकल आणि लहान चाकांची इलेक्ट्रिक सायकल मोठी माणसेही चालवतात. मात्र जळगाव आणि धुळ्यासारख्या ठिकाणी या सायकलींचा एक त्रास लवकरच लक्षात येतो. तो म्हणजे पंक्चर.

जळगाव शहरातून महामार्गाने गिरणा पूल ओलांडून बांभोरीच्या विद्यापीठाकडे जाताना किंवा धुळ्यातून लळिंगकडे जाताना चाक बसले, तर प्रश्न केवळ पंक्चरच्या पैशांचा नसतो. ट्रकच्या रांगेशेजारून सायकल ढकलत चालावे लागते. वाटेतल्या पंक्चरच्या दुकानात ट्रक आणि दुचाकीचे काम होते, पण २० इंची ट्यूब मिळेलच असे नाही. मग घरी येऊन ‘पंक्चरप्रूफ’ टायर मागवला जातो. कधी तो रिमवर बसतच नाही. कधी बसतो, पण आठवडाभरात हवा पुन्हा जाते.

असे का होते? लहान चाकासाठी योग्य टायर कसा ओळखायचा? आणि तो नीट कसा बसवायचा? जाणून घेऊ या.

खान्देशात टायरचे शत्रू कोण?

सर्वांत मोठा शत्रू आकाराने सर्वांत लहान आहे. तो म्हणजे सराटा, अर्थात गोखरू. शास्त्रीय नाव ट्रिब्युलस टेरेस्ट्रिस. पावसाळ्यात ही वेल जमिनीलगत पसरते, पिवळी फुले येतात आणि पुढे फळ वाळून त्याचे साधारण पाच तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला टणक काटे असतात. तुकडा कसाही पडला तरी एखादा काटा वरच्या बाजूला राहतो. म्हणूनच तो चप्पलेला आणि टायरला चिकटतो. रस्त्याची कडा, मोकळे भूखंड, क्रीडांगणाचा कोपरा अशा ठिकाणी सराटे हमखास सापडतात.

हा त्रास फक्त आपल्याकडचा नाही. अमेरिकेत या वेलीचे नावच ‘पंक्चर करणारी वेल’ या अर्थाचे आहे. तिचा बंदोबस्त करण्यासाठी १९६१ मध्ये तिथे दोन जातींचे भुंगे सोडण्यात आले. ते मूळचे भारत, फ्रान्स आणि इटली या भागांतील.

दुसरा शत्रू बाभूळ. गावठी बाभळीचे पांढरे, सरळ काटे काही सेंटीमीटर लांब असतात. वेडी बाभूळ आणि बोरही त्यात भर घालतात. शेताच्या कुंपणासाठी काटेरी फांद्या वाहून नेल्या की वाटेवर काटे सांडतात. कापूस वेचून झाल्यावर पऱ्हाटीचे तासलेले खुंट शेतरस्त्यावर टोकदार राहतात.

तिसरा शत्रू महामार्गावर भेटतो. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन मोठे रस्ते धुळ्यात एकमेकांना छेदतात. त्यातला सुरत-नागपूर रस्ता पुढे जळगावकडे जातो. फुटलेल्या ट्रकच्या टायरमधून पोलादाच्या केसासारख्या बारीक तारा निघतात आणि रस्त्याच्या कडेला साचतात. सायकल नेमकी त्याच कडेने चालते. ही तार टायरमध्ये शिरली तर बाहेरून दिसतही नाही.

लहान चाकालाच जास्त त्रास का?

याचे उत्तर साध्या गणितात आहे. जुन्या २८ इंची काळ्या सायकलचे चाक एका फेऱ्यात सुमारे २.२५ मीटर पुढे जाते. २० × १.७५ मापाचे चाक सुमारे १.५७ मीटर, तर फोल्डिंग सायकलचे १६ × १ ३/८ मापाचे चाक सुमारे १.३३ मीटर जाते. म्हणजे १ किलोमीटर जाण्यासाठी फेरे असे लागतात :

- २८ इंची चाक : सुमारे ४४५
- २० इंची चाक : सुमारे ६३५
- १६ इंची चाक : सुमारे ७५०

टायरची रुंदी सारखी असेल तर १ किलोमीटरमध्ये चाकाखाली येणारा रस्ता तेवढाच असतो. त्यामुळे लहान चाक जास्त काटे ‘गोळा करते’ असे म्हणणे बरोबर नाही. फरक पुढे पडतो. एकदा रुतलेला काटा २० इंची चाकात ४० टक्क्यांहून अधिक वेळा जमिनीवर आपटतो. प्रत्येक आपटीत तो थोडा आत सरकतो. शिवाय टायरचा प्रत्येक भाग तेवढ्याच जास्त वेळा घासला जातो. टायर लवकर पातळ होतो आणि पातळ टायरमधून काट्याला ट्यूब जवळ सापडते.

दुसरा मुद्दा खड्ड्यांचा. लहान चाक खड्ड्यात जास्त खोल उतरते आणि खड्ड्याच्या कडेवर जोरात आदळते. हवा कमी असेल तर टायर चेपून ट्यूब रिम आणि दगडाच्या मध्ये चिमटते. हे पंक्चर काट्याविनाच होते आणि कितीही महागड्या टायरने ते टळत नाही.

टायर बदलण्याआधी पंक्चर तपासा

नवा टायर घेण्याआधी फुटलेली ट्यूब नीट पाहिली तर अनेकदा पैसे वाचतात. छिद्र कुठे आहे यावरून कारण कळते.

- बाहेरच्या बाजूला एकच बारीक छिद्र : काटा, तार किंवा काच. इथे पंक्चररोधक टायरचा उपयोग होतो.
- जवळजवळ दोन समांतर चिरा, सापाच्या दातांसारख्या : हवा कमी होती, ट्यूब चिमटली. उपाय पंपाचा, टायरचा नाही.
- आतल्या, म्हणजे रिमकडच्या बाजूला छिद्र : स्पोकचे टोक वर आले आहे किंवा रिम टेप सरकली आहे. नवी टेप लावल्याशिवाय पंक्चर थांबणार नाही.
- व्हॉल्व्हच्या बुडाशी फाटलेली ट्यूब : कमी हवेवर चालवल्याने टायरसोबत ट्यूब रिमवर सरकली किंवा व्हॉल्व्ह तिरका बसला होता.

पंक्चर काढल्यावर दोन दिवसांत हवा पुन्हा गेली तर दोष बहुतेक वेळा पॅचचा नसतो. काट्याचे तुटलेले टोक टायरमध्येच राहिलेले असते. बाभळीचा काटा बाहेरून मोडतो, पण अणकुची रबरात रुतून बसते. ती शोधायला खान्देशात सहज मिळणारी वस्तू कामी येते, ती म्हणजे कापूस. टायरच्या आतून कापसाचा बोळा हलक्या हाताने सगळीकडे फिरवावा. जिथे तंतू अडकतील तिथे काटा किंवा तार आहे. बोटाने चाचपडले तर बोट कापण्याचा धोका असतो. टोक सापडले की आतून सुईने बाहेर ढकलावे आणि बाहेरून चिमट्याने ओढावे.

पंक्चररोधक टायरमध्ये वेगळे काय असते?

साध्या टायरमध्ये तीन भाग असतात. कडेची तार, जी रिममध्ये अडकते. धाग्यांचे अंग, ज्यावर टायरचा आकार टिकतो. आणि रस्त्याला लागणारा रबराचा थर. पंक्चररोधक टायरमध्ये बाहेरचा थर आणि धाग्यांच्या मध्ये आणखी एक पट्टा असतो. हा पट्टा दोन प्रकारचा.

पहिला प्रकार विणलेल्या धाग्यांचा. त्यात नायलॉन किंवा केवलारसारखा अरामिड धागा वापरतात. अमेरिकेतील ड्युपाँट कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञ स्टेफनी क्वोलेक यांनी १९६५ मध्ये शोधलेला हा धागा बुलेटप्रूफ जॅकेटमुळे सर्वांना माहीत आहे. हा पट्टा पातळ आणि हलका असतो. काचेच्या धारेला तो चांगला अडवतो. पण काट्याचे टोक सुईसारखे असते. ते दोन धाग्यांच्या मधून वाट काढू शकते.

दुसरा प्रकार जाड, लवचिक रबराचा. इथे काट्याला धागा अडवत नाही, अंतर अडवते. टोक ट्यूबपर्यंत पोहोचण्याआधीच काट्याची लांबी संपते. जर्मनीतील श्वाल्बे कंपनीच्या ‘मॅरेथॉन’ टायरमध्ये असा ३ मिलिमीटरचा, तर ‘मॅरेथॉन प्लस’मध्ये ५ मिलिमीटरचा थर असतो. लहान चाकांच्या ठरावीक मापांतही हे टायर मिळतात. इतर कंपन्याही असे टायर बनवतात. नाव कोणतेही असो, थर किती मिलिमीटरचा आहे हे पाहणे महत्त्वाचे.

खान्देशासाठी याचा अर्थ स्पष्ट आहे. सराट्याचा काटा काही मिलिमीटरचा असतो, त्यामुळे जाड रबरी थर त्याला बहुतेक वेळा रोखतो. बाभळीचा लांब काटा सरळ उभा घुसला तर ५ मिलिमीटरही पुरत नाहीत. म्हणून ‘पंक्चरप्रूफ’ या शब्दावर जाऊ नये. हे टायर पंक्चर कमी करतात, बंद करत नाहीत.

याची किंमतही मोजावी लागते. वजन वाढते, पायडल थोडे जड जाते आणि साधा टायर काही शे रुपयांना मिळत असेल तर आयात केलेला असा टायर हजारांत जातो.

२० इंच म्हणजे नेमके किती? मापाचा घोळ

लहान चाकांच्या बाबतीत सर्वाधिक पैसे इथेच वाया जातात. ‘२० इंच’ हे टायरच्या बाहेरच्या व्यासाचे ढोबळ नाव आहे. टायर रिमवर बसेल की नाही हे रिमच्या ज्या कडेवर टायरची तार टेकते, तिच्या व्यासावर ठरते. तो मिलिमीटरमध्ये जुन्या टायरच्या बाजूवर छापलेला असतो. उदाहरणार्थ, ‘४७-४०६’. यातला ४७ हा आकडा टायरची रुंदी सांगतो, तर ४०६ हा बसण्याचा व्यास. खरेदी करताना दुसरा आकडा तंतोतंत जुळला पाहिजे.

नेहमी दिसणारी मापे अशी :

- ४०६ : २० × १.५०, २० × १.७५, २० × १.९५, २० × २.१२५. बहुतेक फोल्डिंग आणि मुलांच्या बीएमएक्स धाटणीच्या सायकली.
- ४५१ : २० × १ १/८, २० × १ ३/८. अरुंद टायरच्या काही वेगवान फोल्डिंग सायकली.
- ३५५ : १८ इंची काही फोल्डिंग सायकली.
- ३४९ : १६ × १ ३/८. ब्रॉम्प्टन आणि त्या धर्तीच्या सायकली.
- ३०५ : १६ × १.७५, १६ × २.१२५. मुलांच्या १६ इंची सायकली आणि काही स्वस्त फोल्डिंग सायकली.

४०६ आणि ४५१ यांत साडेचार सेंटीमीटरचा फरक आहे. दोन्ही ‘२० इंची’च म्हणवतात, पण एकाचा टायर दुसऱ्यावर बसणे अशक्य. मुलाच्या १६ इंची सायकलचा टायर ब्रॉम्प्टनवर बसत नाही, त्याचेही हेच कारण. दशांश आणि अपूर्णांकही एक समजू नयेत. २० × १.७५ आणि २० × १ ३/४ गणितात सारखे, पण टायर वेगळे.

सोपा मार्ग : जुन्या टायरवरच्या आकड्यांचा मोबाइलवर फोटो काढावा आणि दुकानात तोच दाखवावा. ऑनलाइन मागवताना वर्णनात मिलिमीटरचा आकडा नसेल तर विचारून घ्यावा.

४०६ मापाचा एक मोठा फायदा आहे. मुलांच्या सायकलींमुळे या मापाचे देशी टायर आणि ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळू शकतात. लुधियानाच्या राल्सन आणि मेट्रो, हैदराबादची हार्टेक्स अशा कंपन्या सायकलचे टायर बनवतात. ३४९ आणि ३५५ साठी मात्र सहसा ऑनलाइन किंवा मोठ्या शहरावर अवलंबून राहावे लागते. नवी फोल्डिंग सायकल घेतानाच हा आकडा पाहिला तर पुढची पळापळ वाचते.

रुंदी थोडी बदलता येते, पण दोन गोष्टी तपासाव्यात. जाड टायर मडगार्ड आणि ब्रेकमधून मोकळा फिरतो का? आणि सायकलची घडी केल्यावर टायर फ्रेमला किंवा साखळीला घासतो का? फोल्डिंग सायकलमध्ये ही जागा बेताचीच असते.

कोणासाठी कोणता टायर?

शाळेची २० इंची सायकल : महागडा टायर घेण्याची गरज नाही. जाड नक्षीचा देशी टायर, चांगली ब्युटिल ट्यूब आणि नवी रिम टेप एवढे पुरते. मुलांच्या सायकलींची बरीच पंक्चर कमी हवेमुळे होतात. दर रविवारी पंप मारण्याची सवय इथे सर्वांत स्वस्त उपाय ठरते.

शहरातल्या शहरात रोजचा वापर : ३ मिलिमीटरच्या आसपास थर असलेला मधल्या प्रकारचा टायर पुरेसा. वजन आणि संरक्षण यांचा मेळ बसतो.

महामार्गाची कडा, एमआयडीसी किंवा शेतरस्ता : ५ मिलिमीटरचा जाड थर घ्यावा. खर्च परवडत नसेल तर निदान मागच्या चाकाला. चालकाचे अधिक वजन मागच्या चाकावर येते. शिवाय पुढचे चाक पडलेला खिळा किंवा काटा उभा करते आणि मागचे चाक त्यावरून जाते. मात्र पुढचा टायर गुळगुळीत झालेला असेल तर तो आधी बदलावा. पुढचे चाक अचानक बसले तर हँडल सांभाळणे कठीण होते.

इलेक्ट्रिक फोल्डिंग सायकल : बॅटरी आणि मोटरमुळे वजन जास्त. मोटर मागच्या चाकात असेल तर रस्त्यात चाक काढणे कटकटीचे असते, काही दुकानदार ते काम घेतही नाहीत. त्यामुळे मोटर असलेल्या चाकाला सर्वांत चांगला टायर लावणे शहाणपणाचे.

लायनर, जेल आणि भरीव टायर चालतात का?

जुनी ट्यूब चिरून तिची पट्टी टायरच्या आतून लावणे हा आपल्याकडचा जुना उपाय. तो चालतो, पण पट्टी एकसारखी बसली पाहिजे. सुरकुती पडली किंवा पट्टी सरकली तर तीच ट्यूबला घासून छिद्र पाडते. बाजारात मिळणारा प्लॅस्टिकचा लायनर बऱ्याचदा मोठ्या चाकाच्या लांबीचा असतो. लहान चाकासाठी तो कापावा लागतो. कापलेले टोक पॉलिश पेपरने गोल आणि गुळगुळीत करावे, नाहीतर आठवड्यात ट्यूब तिथेच कापली जाते. लहान चाकाचा वळसा घट्ट असल्याने कडक लायनर नीट बसत नाही. मऊ प्रकार निवडावा.

ट्यूबमध्ये भरायचे जेल सराट्याची बारीक छिद्रे बुजवते. त्यासाठी मोटारसायकलसारखा, आतली सुई काढता येणारा व्हॉल्व्ह लागतो. रबरी नळीच्या जुन्या व्हॉल्व्हमध्ये जेल अडकून बसते. लॅटेक्सवर आधारलेले द्रव उष्णतेत लवकर सुकते. जळगाव, भुसावळमध्ये एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांकडे जातो, तेव्हा ते वर्षभर टिकेल अशी अपेक्षा ठेवू नये. शिवाय जेलने ओलसर झालेल्या ट्यूबवर पॅच नीट चिकटत नाही.

भरीव टायरला हवाच नसते, म्हणून पंक्चर नाही. पण लहान चाकाचे धक्के थेट हाताला, पाठीला आणि स्पोकला बसतात. जॉन बॉइड डनलॉप यांनी १८८८ मध्ये हवेच्या टायरचे पेटंट घेतले, ते मुलाच्या तीनचाकीचे असेच धक्के कमी करण्याच्या खटपटीतून. खड्ड्यांच्या रस्त्यावर रोजच्या वापरासाठी भरीव टायर टाळलेलाच बरा.

हवा किती असावी? उन्हाळ्यात कमी करावी का?

टायरच्या बाजूवर हवेची कमाल मर्यादा, बऱ्याचदा किमानही, छापलेली असते. दुकानात तिला ‘पौंड’ म्हणतात, म्हणजे पीएसआय. त्या मर्यादेत राहून मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त हवा ठेवावी. ब्युटिल ट्यूबमधूनही हवा हळूहळू कमी होते, म्हणून आठवड्यातून एकदा तपासणी हवी. जुन्या रबरी नळीच्या व्हॉल्व्हवर मीटरचा आकडा विश्वासार्ह येत नाही. मीटर वापरायचा तर मोटारसायकलसारख्या व्हॉल्व्हची ट्यूब घ्यावी. त्यासाठी रिमचे छिद्र पुरेसे मोठे आहे ना, ते पाहावे.

उन्हाळ्यात हवा आपोआप वाढून टायर फुटेल या भीतीने अनेक जण ती कमी ठेवतात. हिशेब काय सांगतो? २५ अंशांत ५० पौंड भरलेली हवा ४५ अंशांत साधारण ५४ पौंड होते. उन्हात उभ्या सायकलचा काळा टायर ६५ अंशांपर्यंत तापला तरी आकडा ५९ च्या आसपास जातो. म्हणजे कमाल मर्यादा ६५ पौंड असेल तर धोका नाही. मात्र मर्यादेपर्यंत ठासून भरलेली सायकल पत्र्याच्या शेडमध्ये किंवा उन्हात ठेवू नये. मर्यादेपेक्षा १० पौंड कमी भरली की हा प्रश्न मिटतो. त्याहून कमी हवा ठेवली तर खड्ड्यात ट्यूब चिमटण्याचा धोका वाढतो.

कॉम्प्रेसरने हवा भरताना जपावे. २० × १.७५ च्या ट्यूबमध्ये जेमतेम अडीच लिटर, तर १६ × १ ३/८ मध्ये सव्वा लिटरच्या आसपास जागा असते. ट्रकच्या टायरसाठी लावलेल्या कॉम्प्रेसरने ती काही क्षणांत भरते आणि हात लवकर काढला नाही तर फुटते. थोडी थोडी हवा सोडत भरावी किंवा हातपंप वापरावा.

टायर कसा बसवावा? टप्प्याटप्प्याने

१. चाक काढण्याआधी फोटो : नट, वायसर आणि साखळी ताणणाऱ्या भागाचा क्रम मोबाइलमध्ये टिपून ठेवावा. बहुतेक नटांना १५ नंबरचा पाना लागतो. मोटर असलेल्या चाकाची वायर जोडणीपाशी सरळ ओढून वेगळी करावी, पिळू नये. तिथले खाच असलेले वायसर मोटरचा आस फिरू देत नाहीत, ते परत त्याच बाजूने बसवावेत.

२. रिम तपासा : टेप फाटली किंवा सरकली असेल तर बदलावी. एकही स्पोकचे टोक बोटाला लागता कामा नये.

३. दिशा पाहा : टायरवर बाण असेल तर तो चाक फिरण्याच्या दिशेने हवा. टायरवरचे नाव व्हॉल्व्हच्या समोर येईल असे बसवावे. पुढे पंक्चर झाल्यास ट्यूबवरचे छिद्र आणि टायरवरची जागा लगेच जुळवता येते.

४. एक कड आत, मग ट्यूब : टायरची एक बाजू रिममध्ये घ्यावी. ट्यूबमध्ये ती गोल होईल एवढीच हवा भरावी आणि आत ठेवावी. पिळा राहू देऊ नये.

५. दुसरी कड व्हॉल्व्हच्या समोरच्या बाजूने सुरू करा : दोन्ही हातांनी टायर ढकलत व्हॉल्व्हकडे यावे. शेवटचा भाग व्हॉल्व्हपाशीच संपवावा. लहान चाकात हाच भाग सर्वांत घट्ट असतो, कारण हाताने धरलेला तुकडा घेराच्या मानाने मोठा ठरतो.

६. अडले तर जोर नको, जागा करा : रिमच्या मधोमध खाच असते. आधी बसलेली कड सगळीकडे दाबून त्या खाचेत उतरवली की शेवटच्या भागाला थोडी ढील मिळते. कडेला साबणाचे पाणी लावावे. स्क्रू ड्रायव्हर घालू नये, नवी ट्यूब तिथेच फाटते. गरज पडली तर प्लॅस्टिकचा टायर लिव्हर वापरावा.

७. व्हॉल्व्ह आत ढकलून सोडा : त्यामुळे कडेखाली अडकलेली ट्यूब मोकळी होते. दोन्ही बाजूंनी टायर उघडून ट्यूब दिसत नाही ना, ते पाहावे.

८. हवा दोन टप्प्यांत : निम्मी हवा भरून चाक फिरवावे. टायरच्या बाजूवर रिमलगत एक बारीक रेषा असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्या अंतरावर हवी. कुठे दबली असेल तर हवा सोडून टायर हाताने हलवावा आणि पुन्हा भरावी.

९. शेवटची तपासणी : ब्रेक लावून पाहावा, नट दोन्ही बाजूंनी आवळावेत, सायकलची एकदा घडी करून टायर कुठे घासत नाही याची खात्री करावी.

पहिल्यांदा हे काम अर्धा-पाऊण तास घेऊ शकते. जाड पट्ट्याचा नवा टायर ताठ असतो. तो थोडा वेळ उन्हात ठेवला की मऊ पडतो आणि चढवणे सोपे जाते.

रस्त्यात अडकले तर?

चांगला टायर लावला तरी सोबत काही गोष्टी असाव्यात. आपल्या मापाची एक ट्यूब, दोन टायर लिव्हर, पाना, छोटा पंप, पॅच आणि थोडा कापूस. एवढे सामान सीटखालच्या पिशवीत मावते. रस्त्यात ट्यूब बदलावी आणि पंक्चर घरी निवांत काढावे. सोल्युशन लावल्यावर ते कोरडे होईपर्यंत थांबून मगच पॅच दाबावा. लहान ट्यूबवर लहान गोल पॅच चांगला बसतो.

टायर चिरला असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे गेटर, लावून घरापर्यंत येता येते. हवा गेलेल्या चाकावर सायकल चालवू नये. लहान रिम पटकन वाकते आणि कापलेला टायर दुरुस्त होत नाही. फोल्डिंग सायकलला इथे एक सोय आहे. घडी करून ती रिक्षात टाकता येते.

दर पावसाळ्यानंतर, सराटे वाळू लागले की टायरवरून एकदा नजर फिरवावी. रुतलेले खडे, काटे, काचेचे कण काढून टाकावेत. आज वर दिसणारा काटा उद्या ट्यूबपर्यंत पोहोचतो. २० इंची चाकात ८ किलोमीटरच्या एका फेरीत तो पाच हजारांहून अधिक वेळा आत दाबला जातो. त्याआधी तो काढायला एक मिनिट लागते.

लक्षात ठेवा

- इंच नव्हे, मिलिमीटरचा आकडा जुळवा : ४०६, ४५१, ३५५, ३४९ की ३०५.
- सराट्यासाठी जाड रबरी थर, काचेसाठी विणलेला पट्टा.
- खर्च एकाच टायरचा असेल तर आधी मागचे चाक, पुढचा टायर गुळगुळीत असेल तर आधी तो.
- आठवड्यातून एकदा हवा, कमाल मर्यादेपेक्षा साधारण १० पौंड कमी.
- पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून कापूस फिरवल्याशिवाय नवी ट्यूब टाकू नका.